चार दिवसांत जुना कोरिया: सोल आणि ग्योंगजूच्या वारसा-सहलीचे सविस्तर नियोजन

कोरियाचा पारंपरिक वारसा थोड्या दिवसांत पाहायचा असेल, तर बहुतेक प्रवासी सोलमधील पाचही राजवाडे एकामागून एक उरकतात आणि तिसऱ्या राजवाड्यापाशी त्यांना सगळे छप्पर सारखेच दिसू लागते. त्यापेक्षा दोन राजधान्या निवडाव्यात आणि त्या सावकाश पाहाव्यात, असे माझे ठाम मत आहे. पहिली सोल, म्हणजे १३९२ ते १९१० या काळातील जोसॉन राजवटीची राजधानी, आणि दुसरी ग्योंगजू, म्हणजे इसवी सन ९३५पर्यंत टिकलेल्या सिल्ला राज्याची राजधानी. या दोन शहरांत एक मूलभूत फरक आहे आणि तो आधीच ध्यानात घेतला तर सहलीला आपोआप दिशा मिळते. सोलचा वारसा प्रामुख्याने लाकडाचा आहे. तो अनेकदा जळला, पाडला गेला आणि पुन्हा उभारला गेला. ग्योंगजूत लाकूड जवळजवळ सगळे गेले आणि मागे दगड, माती व धातू उरले. म्हणून प्रत्येक वास्तूसमोर उभे राहिल्यावर ‘यातले मूळ किती आणि पुन्हा बांधलेले किती’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. तो वास्तूचे मोल कमी करण्यासाठी विचारायचा नसून तिचा इतिहास समजून घेण्यासाठी विचारायचा आहे.

निघण्यापूर्वीची तयारी

भारतीय पारपत्रधारकांना कोरियासाठी आधी व्हिसा घ्यावा लागतो, म्हणून तिकिटे पक्की करण्याआधी अर्जासाठी किमान महिनाभराचा अवधी हाताशी ठेवावा. मुंबईत कोरियाचा वाणिज्य दूतावास आहे. महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांनी अर्ज कोणत्या केंद्रात स्वीकारले जातात आणि कोणती कागदपत्रे लागतात, हे त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून पाहून घ्यावे. देशात प्रवेशासाठीचे ई-अरायव्हल कार्ड कोरियात पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरून ठेवले, तर विमानतळावरचा वेळ वाचतो. कोरियाची वेळ भारतापेक्षा साडेतीन तासांनी पुढे असल्यामुळे उतरल्यानंतरचा पहिला अर्धा दिवस विश्रांतीला द्यावा आणि तो पुढील चार दिवसांत मोजू नये.

ऋतूच्या दृष्टीने एप्रिल आणि मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर हे काळ उत्तम आहेत. जूनच्या अखेरीस तिथला पावसाळा सुरू होतो आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये दमट उष्मा असतो. हिवाळा कोरडा, पण बोचरा असतो. सोल्लाल आणि छुसोक हे दोन सण चांद्र पंचांगाप्रमाणे येतात. त्या दिवसांत निम्मा देश आपापल्या गावी निघतो आणि रेल्वेची तिकिटे मिळत नाहीत, तेव्हा तारखा ठरवण्याआधी त्या वर्षीचे हे सण कधी आहेत हे जरूर पाहावे.

मार्गदर्शनासाठी फोनमध्ये नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्यावा, कारण कोरियातील पायवाटा आणि बसमार्ग यांची माहिती त्यांत अधिक भरवशाची असते. विमानतळावरच टी-मनी कार्ड विकत घ्यावे. ते मेट्रोत आणि बसमध्ये दोन्ही शहरांत चालते, मात्र त्यात पैसे भरण्यासाठी थोडी रोकड जवळ असलेली बरी. सोलमध्ये मुक्काम जोंगनो भागात, शक्यतो आंगुक मेट्रो स्थानकाच्या आसपास करावा, म्हणजे ग्योंगबोकगुंग व छांगदोकगुंग हे दोन्ही मुख्य राजवाडे आणि जोंगम्यो हे राजपूर्वजांचे पूजास्थान पायी गाठता येतात.

कोणत्या वारी निघावे

ही बाब क्षुल्लक वाटते, पण सहल बिघडते ती इथेच. ग्योंगबोकगुंग राजवाडा आणि जोंगम्यो मंगळवारी बंद असतात, तर छांगदोकगुंग राजवाडा सोमवारी बंद असतो. शिवाय जोंगम्योमध्ये आठवड्यातील बहुतेक दिवस ठरावीक वेळच्या मार्गदर्शकासोबतच प्रवेश मिळतो. शनिवारी मात्र स्वतंत्रपणे, आपल्या गतीने फिरता येते. हे सगळे जुळवून पाहिले तर शुक्रवारी सुरुवात करणे सर्वांत सोयीचे ठरते: शुक्रवारी ग्योंगबोकगुंग, शनिवारी छांगदोकगुंग आणि जोंगम्यो, रविवारी सकाळी ग्योंगजूकडे प्रस्थान आणि सोमवारी तिथले डोंगरावरचे बुद्धस्थान. ग्योंगजूत शनिवार-रविवारी कोरियन पर्यटकांची गर्दी असते. रविवारी दुपारपासून ती परतू लागते आणि सोमवारी सकाळी डोंगरावर शांतपणे थांबता येते, हा या क्रमाचा आणखी एक लाभ.

पहिला दिवस: ग्योंगबोकगुंग

सकाळी ९ वाजता दार उघडते, त्या वेळी पोहोचावे. प्रवेशशुल्क ३,००० वॉन आहे आणि हानबोक हा पारंपरिक पोशाख घालून येणाऱ्यास प्रवेश विनामूल्य मिळतो. राजवाड्याच्या आसपास हानबोक तासांच्या हिशेबाने भाड्याने देणारी अनेक दुकाने आहेत. पोशाख घालायची इच्छा असेल तर ती याच दिवशी पूर्ण करावी, कारण इथली जमीन सपाट आहे. दुसऱ्या दिवशीच्या बागेत चढउतार आणि पायऱ्या असल्याने घोळदार वस्त्र अडचणीचे होते.

हा राजवाडा १३९५ मध्ये बांधला गेला, १५९२ मध्ये जपानी आक्रमणाच्या वेळी जळाला आणि त्यानंतर पावणेतीनशे वर्षे ओसाड राहिला. १८६० च्या दशकात राजा गोजोंगचे वडील हुंगसॉन देवॉनगुन यांनी तो पुन्हा उभारला. जपानी वसाहतकाळात त्यातील बहुतेक इमारती पाडल्या गेल्या आणि मुख्य सिंहासनगृहाच्या पुढ्यात १९२६ मध्ये वसाहती सरकारचे अवाढव्य मुख्यालय उभे करण्यात आले. ते १९९० च्या दशकात कोरियाने पाडले आणि १९९० पासून राजवाड्याची टप्प्याटप्प्याने पुनर्बांधणी चालू आहे. हा इतिहास डोक्यात ठेवून ग्वांगह्वामुन या महाद्वारापासून आत चालत गेले, म्हणजे इथल्या ताज्या रंगांचा अर्थ लागतो.

पहारा बदलण्याचा सोहळा सकाळी १० आणि दुपारी २ वाजता होतो. तो पाहून गुनजोंगजोन या सिंहासनगृहाच्या प्रांगणात यावे आणि तिथे घाई करू नये. प्रांगणात दोन्ही बाजूंना ओळीने रोवलेले छोटे दगड दिसतील. दरबाराच्या वेळी कोणत्या श्रेणीच्या अधिकाऱ्याने कुठे उभे राहायचे, हे त्यांवर कोरलेले आहे. जमिनीतल्या लोखंडी कड्या ऊन-पावसासाठीचे छत ताणून बांधण्याच्या आहेत. सिंहासनामागे सूर्य, चंद्र आणि पाच पर्वत रंगवलेला पडदा आहे. राजा जिथे बसे तिथे तो लावला जाई. छपराखालची पाच रंगांतली नक्षी म्हणजे दानछोंग. ती शोभेसाठी आहेच, पण लाकडाचे ओल आणि किडीपासून रक्षण करणे हेही तिचे काम आहे.

पुढे डावीकडे ४८ दगडी खांबांवर उभा असलेला ग्योंगह्वेरू हा जलमंडप आहे. त्याचे छायाचित्र सगळेच काढतात. परंतु राणीच्या निवासामागे, आमिसान नावाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागेत असलेली षट्कोनी विटांची धुराडी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात, आणि मला तर या राजवाड्यातील तीच सर्वांत बोलकी वस्तू वाटते. कोरियन घरात उष्णता जमिनीखालून दिली जाते. चुलाणातला गरम धूर फरशीखालच्या दगडी मार्गांतून फिरवून दूरच्या धुराड्यातून बाहेर सोडण्याच्या या पद्धतीला ओंदोल म्हणतात. राणीच्या खोलीखालून फिरलेला धूर या बागेत बाहेर पडे, म्हणून धुराड्यांनाही फुले, पक्षी आणि शुभचिन्हे यांनी सजवले गेले. खाली बसणे, जमिनीवर अंथरूण घालून झोपणे, उंबऱ्याशी पादत्राणे काढणे या सगळ्या कोरियन सवयी त्या उबदार जमिनीशी जोडलेल्या आहेत.

उत्तरेच्या टोकाला गोनछोंगगुंग हा छोटा निवास आहे. १८९५ च्या ऑक्टोबरमध्ये राणी म्योंगसोंग हिची जपानी मारेकऱ्यांनी इथे हत्या केली. मूळ वास्तू पाडली गेली होती. आजची वास्तू २००७ मध्ये लोकांसाठी खुली झाली. बहुतेक गट तिथवर येत नाहीत, पण अवश्य जावे.

दुपारी बुकछोन या हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन घरांच्या वस्तीतून फेरफटका मारता येतो. इथली बरीचशी घरे १९२० आणि १९३० च्या दशकांत लहान भूखंडांवर बांधलेली आहेत, त्यामुळे ही फार प्राचीन वस्ती आहे असे समजू नये. तिथे आजही लोक राहतात. सर्वाधिक गर्दीच्या गल्लीत पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढ्याच वेळेत जाता येते आणि नियम मोडल्यास १,००,००० वॉन दंड होऊ शकतो. आवाज हळू ठेवावा, दारांत डोकावू नये आणि तासाभरात बाहेर पडावे.

दुसरा दिवस: छांगदोकगुंग आणि जोंगम्यो

सोलमध्ये एकच राजवाडा पाहायला वेळ असेल, तर तो छांगदोकगुंग असावा. १४०५ मध्ये बांधलेला हा राजवाडाही १५९२ च्या युद्धात जळाला, पण तो लवकर पुन्हा उभारला गेला आणि पुढे सुमारे अडीचशे वर्षे राज्याचा कारभार इथूनच चालला. म्हणून इथे जुन्या लाकडाचे प्रमाण अधिक आहे. दोनह्वामुन हे प्रवेशद्वार सतराव्या शतकाच्या आरंभीचे असून आत शिरताच लागणारा ग्युमछोनग्यो हा दगडी पूल तर १४११ चा आहे. १९९७ पासून हा राजवाडा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

ग्योंगबोकगुंग सरळ अक्षावर आखलेला आहे. छांगदोकगुंग मात्र मागच्या टेकडीच्या उतारांप्रमाणे वळत गेला आहे. एका दारातून दुसरे दार समोर दिसत नाही, आपण वळतो आणि मग पुढचे प्रांगण उलगडते. हा फरक लागोपाठच्या दोन दिवसांत चालून पाहिल्यावरच पायांना कळतो.

मागच्या हुवॉन या राजोद्यानासाठी वेगळे तिकीट लागते आणि प्रवेश ठरावीक वेळेच्या गटांतूनच मिळतो. राजवाड्याचे शुल्क ३,००० वॉन आणि उद्यानाचे ५,००० वॉन आहे. ऑनलाइन आरक्षण भेटीच्या सहा दिवस आधी सकाळी खुले होते आणि वसंतात व पानगळीच्या काळात ते झपाट्याने संपते, तेव्हा भारतातून निघण्यापूर्वीच गजर लावून ते करून टाकावे. आरक्षण न मिळाल्यास काही तिकिटे त्याच दिवशी खिडकीवर विकली जातात. त्यासाठी दार उघडण्यापूर्वी रांगेत उभे राहावे लागते.

उद्यानाच्या फेरीला सुमारे दीड तास लागतो. बुयोंगजी हे तळे चौकोनी आहे आणि त्यातले बेट गोल आहे. पृथ्वी चौकोनी आणि आकाश गोल या जुन्या कल्पनेची ती मांडणी आहे. काठावरच्या बुयोंगजोंग मंडपाचे दोन खांब पाण्यात उतरलेले आहेत. समोरच्या चढावर जुहामनू ही दुमजली इमारत आहे. राजा जोंगजोने १७७६ मध्ये गादीवर येताच ती उभारली आणि खालच्या मजल्यावर ग्युजांगगाक हे राजग्रंथालय ठेवले. तरुण विद्वानांना जवळ करून त्यांच्याकडून राज्यसुधारणेचा विचार करून घेण्याची त्याची धडपड या उद्यानातच चालली. इथली झाडे छाटून आकार दिलेली नाहीत आणि पाण्याला कारंज्यांत उडवलेले नाही. टेकडीत जे मुळात होते त्याला अगदी थोडे वळण देऊन ही बाग घडवली आहे आणि कोरियन सौंदर्यदृष्टीची इतकी स्वच्छ ओळख दुसरीकडे क्वचितच होते.

बाहेर पडण्यापूर्वी नाकसॉनजे हा १८४७ चा निवास पाहावा. राजघराण्याचा असूनही त्यावर रंगीत नक्षी नाही. लाकूड, कागद आणि जाळीच्या खिडक्या एवढ्यावरच त्याची शोभा उभी आहे. जोसॉन घराण्यातील अखेरच्या स्त्रिया १९८९ पर्यंत इथे राहत होत्या.

तिथून जोंगम्योला जावे. जोसॉन राजे व राण्या यांच्या आत्म्यांच्या लाकडी पाट्या इथे ठेवलेल्या आहेत. प्रवेशशुल्क १,००० वॉन आहे. मुख्य वास्तू जोंगजोन हिच्यात १९ दालने असून ती शंभर मीटरच्या आसपास लांब आहे. जसजसे राजे होत गेले तसतशी ती आडवी वाढवली गेली. आधीच्या राजवाड्यांतल्या रंगांनंतर इथला संयम डोळ्यांत भरतो: लांबच लांब काळसर छप्पर, तांबडे खांब आणि समोर खडबडीत दगडांचे रिकामे प्रांगण. आत जाताना तीन पट्ट्यांची दगडी वाट लागते. मधली किंचित उंच पट्टी पूर्वजांच्या आत्म्यांसाठी राखलेली आहे, तिच्यावर पाय ठेवू नये. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी इथे राजपूर्वजांचा पूजाविधी प्राचीन संगीत आणि समूहनृत्यासह होतो. या विधीला आणि संगीताला युनेस्कोने २००१ मध्ये अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. तारखा जुळत असतील तर या एका विधीसाठी सगळा क्रम बदलावा, इतके त्याचे मोल आहे.

शाकाहारी वाचकांसाठी

कोरियात शाकाहारी जेवण मिळते, पण ते गृहीत धरता येत नाही. किमचीत बहुधा खारवलेल्या माशांचा किंवा कोळंबीचा अंश असतो, आणि भाज्यांच्या सारातही सुक्या मासोळ्यांचे पाणी असू शकते. बिबिमबाप हा भात-भाज्यांचा पदार्थ मागवताना ‘गोगी प्पे जुसेयो’, म्हणजे मांस वगळून द्या, असे सांगावे आणि अंडे नको असल्यास तेही सांगावे. खरा उपाय म्हणजे बौद्ध मठांचे जेवण. त्यात मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र भाज्याही वर्ज्य असतात, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ते चालेल. जैन आहार पाळणाऱ्यांनी मात्र त्यात कमळाचे कंद, मुळा यांसारखी कंदमुळे असतात हे लक्षात घ्यावे. सोलमध्ये जोग्येसा मंदिरासमोर जोग्ये या बौद्ध पंथाच्या वतीने चालणारे बालू गोंग्यांग हे उपाहारगृह आहे. तिथे आधी आरक्षण करून दुसऱ्या दिवसाचे रात्रीचे जेवण घ्यावे.

तिसरा दिवस: ग्योंगजूचे थडगे-टेकाड आणि संग्रहालय

सोल स्थानकावरून केटीएक्स ही वेगवान गाडी साधारण दोन तासांत ग्योंगजूला पोहोचवते. तिकिटे महिनाभर आधी खुली होतात. वेगवान गाडीचे स्थानक शहराबाहेर आहे, त्यामुळे पुढे बस किंवा टॅक्सी करावी लागते. मुक्काम ह्वांगनाम-दोंग भागातील एखाद्या हानोक निवासात करावा. ओंदोलच्या उबदार जमिनीवर अंथरुणात झोपण्याचा अनुभव तिथे मिळतो. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी पलंगाची खोली मागून घ्यावी.

सामान ठेवून देरुंगवॉन या उद्यानात शिरावे. हिरव्यागार गवताने झाकलेली वीसहून अधिक गोल टेकाडे, हीच सिल्ला राजे-सरदारांची थडगी. आत लाकडी दालन, त्यावर दगडांची प्रचंड रास आणि वरून मातीचा थर अशी त्यांची रचना आहे. दालनाचे लाकूड कुजले की दगड आत कोसळतात आणि सगळे गाडून टाकतात. बोगदा खणून आत शिरणे चोरांना अशक्य होते. म्हणूनच शतकानुशतके सोने जागच्या जागी राहिले. छोनमाछोंग हे थडगे १९७३ मध्ये उत्खनन करून उघडले गेले, तेव्हा सुवर्णमुकुटासह ११ हजारांहून अधिक वस्तू मिळाल्या. भूर्जाच्या सालीवर रंगवलेल्या धावत्या पांढऱ्या घोड्याच्या चित्रावरून त्याला नाव मिळाले. याच थडग्याच्या आत जाता येते आणि दगडांच्या राशीचा छेद समोर पाहता येतो, तेव्हा वेगळे तिकीट असले तरी ते घ्यावे.

तिथून चालत छोमसोंगदे ही वेधशाळा लागते. राणी सोनदोक हिच्या कारकिर्दीत, म्हणजे ६३२ ते ६४७ या काळात ती बांधली गेली असे मानतात. सुमारे ९ मीटर उंचीची ही दगडी वास्तू लहान आहे, तिला दहा मिनिटे पुरतात. पुढच्या ग्योंगजू राष्ट्रीय संग्रहालयाला मात्र किमान दोन तास द्यावेत. अंगणात राजा सोंगदोकच्या स्मरणार्थ ७७१ मध्ये पूर्ण झालेली ब्राँझची घंटा आहे. तिचे वजन सुमारे १९ टन आहे. तिच्या अंगावर धूपपात्र हाती घेऊन गुडघे टेकलेल्या, वस्त्रे वर लहरत असलेल्या आकाशचारिणी कोरल्या आहेत आणि वेरूळ-अजिंठ्याचे गंधर्व-अप्सरा पाहिलेल्या माणसाला त्या ओळखीच्या वाटल्याशिवाय राहत नाहीत. संध्याकाळ वॉलजी तळ्यासाठी ठेवावी. ६७४ मध्ये राजा मुनमू याने ते करविले आणि १९७० च्या दशकात गाळ उपसताना त्यातून हजारो रोजच्या वापराच्या वस्तू निघाल्या. काठावरचे मंडप आधुनिक पुनर्बांधणीचे आहेत. अंधार पडल्यावर दिवे लागतात आणि रात्री उशिरापर्यंत प्रवेश चालू असतो.

चौथा दिवस: सोक्गुराम आणि बुल्गुक्सा

सोमवारी सकाळी आधी तोहामसान डोंगरावरच्या सोक्गुरामला जावे आणि उतरताना बुल्गुक्सा पाहावे. बुल्गुक्सापासून वर जाणारी बस कमी फेऱ्यांची आहे. तिच्या वेळा आदल्या दिवशीच निवासस्थानी विचारून घ्याव्यात, किंवा पहिल्यांदा वर जाण्यापुरती टॅक्सी करावी. दोन्ही ठिकाणचे प्रवेशशुल्क मे २०२३ पासून रद्द झाले आहे.

सोक्गुराम आणि बुल्गुक्सा यांचे बांधकाम ७५१ मध्ये मंत्री किम देसोंग याने सुरू केले आणि त्याच्या मृत्यूनंतर राज्याने ते पुरे केले. सह्याद्रीतल्या लेण्यांना सरावलेल्या मराठी माणसाने सोक्गुराम समजून घेण्यासाठी एक गोष्ट आधी जाणून घ्यावी. कार्ले किंवा अजिंठा येथे बेसॉल्टचा डोंगर आत कोरत नेला आहे. कोरियाचा ग्रॅनाइट तसा पोखरणे जवळपास अशक्य होते, म्हणून तिथल्या कारागिरांनी ग्रॅनाइटचे शेकडो चिरे घडवले, ते जोडून घुमटाकार गर्भगृह उभारले आणि वर माती लोटून त्याची गुहा केली. भारतातून मध्य आशिया आणि चीनमार्गे पोहोचलेली लेण्यांची कल्पना त्यांना सोडायची नव्हती, म्हणून त्यांनी डोंगरच बांधून काढला. याच सुमारास सिल्लाचा ह्येछो हा भिक्खू भारतातील बौद्धस्थाने पाहून आला होता आणि त्याच्या प्रवासवर्णनाचा काही भाग आजही उपलब्ध आहे.

आतील बुद्धमूर्ती सुमारे साडेतीन मीटर उंच असून भूमिस्पर्श मुद्रेत, पूर्व समुद्राकडे तोंड करून बसलेली आहे. भोवतीच्या भिंतीवर दहा शिष्य आहेत आणि मूर्तीच्या बरोबर मागे अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. मुंबईजवळच्या कान्हेरीत ४१व्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. सहलीआधी तो एकदा पाहून घेतला तर या दोन टोकांमधला धागा स्वतःच्या डोळ्यांनी जुळवता येतो. मात्र सोक्गुराममधली ही मूर्ती मुख्य बुद्धामागे असल्याने समोरून दिसत नाही, तिची प्रतिमा ग्योंगजूतच पुस्तकात किंवा फलकावर पाहावी लागते.

मूर्तीचे दर्शन काचेआडून घ्यावे लागते आणि छायाचित्रे काढता येत नाहीत. याचे कारण १९१३ ते १९१५ मधल्या दुरुस्तीत आहे. त्या वेळी घुमटावर सिमेंटचा थर दिला गेला. त्याने हवा आणि ओल यांचा मूळ मार्ग बुजला आणि आत पाणी साचून शेवाळ धरू लागले. पुढच्या दुरुस्त्यांनंतर आता यंत्रांनी हवा कोरडी ठेवावी लागते. काचेसमोर गर्दी सरकत राहते, तेव्हा एकदा पाहून बाहेर यावे आणि गर्दी ओसरताच पुन्हा रांगेत जावे.

बुल्गुक्साचे लाकडी भाग १५९३ मध्ये जळाले आणि आजची बरीच मंदिरे १९६९ ते १९७३ मधल्या पुनर्बांधणीतली आहेत. दर्शनी दगडी जिने आणि प्रांगणातले दोन स्तूप मात्र आठव्या शतकातले आहेत. दाबोताप अलंकृत आहे आणि सोक्गाताप अगदी साधा. साध्या स्तूपासमोर अधिक वेळ थांबावे. १९६६ मध्ये तो दुरुस्तीसाठी उलगडला, तेव्हा आत लाकडी ठशांनी छापलेले धारणीसूत्र, म्हणजे बौद्ध मंत्रांचा ग्रंथ, सापडले. जगातील सर्वांत जुन्या उपलब्ध छपाईत त्याची गणना होते. कोणत्याही मंदिरात शिरताना बाजूचे दार वापरावे, पादत्राणे बाहेर काढावीत आणि गाभाऱ्यात छायाचित्रे घेऊ नयेत.

दुपारनंतर दोन पर्याय उरतात. पाय भक्कम असतील तर नामसान डोंगराच्या सामनुंग खिंडीतून चढावे. पाइनच्या झाडीतून जाणाऱ्या या वाटेवर शिरविरहित बसलेला बुद्ध आणि खडकावर रेषांनी कोरलेल्या बुद्धप्रतिमा लागतात. ४६८ मीटर उंचीच्या ग्युमोबोंग शिखरापर्यंत जाऊन परतायला तीन ते चार तास हवेत, आणि सूर्यास्तापूर्वी खाली उतरले पाहिजे. तेवढी शक्ती नसेल तर ह्वांगनाम-दोंगमध्ये परतावे, १९३९ पासून बनणारी लाल चवळीच्या पुरणाची ह्वांगनाम-प्पांग घ्यावी आणि संध्याकाळच्या गाडीने सोलला जावे. नामसान निवडल्यास रात्रीची शेवटची गाडी न घेता ग्योंगजूतच आणखी एक मुक्काम करून मंगळवारी सकाळी निघावे; परतीचे विमान त्याच दिवशी असेल तर सोल स्थानकावरून इंचॉन विमानतळाला जाणारी थेट रेल्वे सुमारे पाऊण तास घेते, हे धरून वेळ ठरवावी.